वफादारीचं खोकं

जमनाबेन माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसे, आवाजावरून ओळखत असे. आमच्या गल्लीतल्या पोस्टमनचा आवाज पत्र्याचा होता. तिच्या भावाचा अर्धवट भरलेल्या माठाचा. माझे वडील गुरांचे सरकारी डॉक्टर. त्यांच्या आवाजाला ती 'कढत दूध' म्हणायची, आणि गायी त्यांना लाथ मारत नाहीत याचं तिच्या मते तेवढंच कारण होतं. माझा निकाल तिने पहिल्याच भेटीत लावला.

"हाई पोरना आवाज कपाटमा शे," ती माझ्या आईला म्हणाली. "किल्ली कोनपान शे?"

आई हसली. मी कपाटात आणखी थोडी आत सरकले.

नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून मॅट्रिक होऊन मी नुकतीच शहाद्याला आले होते. कॉलेजचं ठरत नव्हतं आणि लग्नाचं कुणी बोलायला लागलं की मी न्हाणीघरात जात असे. गल्लीतली अहिराणी मला निम्मी कळायची. उरलेल्या निम्म्यासाठी मी मान डोलवत असे, आणि त्यामुळे मी फार समजूतदार मुलगी आहे असा माझा लौकिक झाला होता. आईने मला शिवण शिकायला शेजारी धाडलं. शेजारी म्हणजे जमनाबेनच्या दोन खोल्या; तिथे ती लोकांचे कपडे शिवायची आणि मुलींची शिकवणी घ्यायची.

खोल्या खरं तर तिच्या भावाच्या, गोविंददादांच्या होत्या. तापीकाठच्या गावी त्यांची केळी आणि कपाशी. बाजाराच्या दिवशी ते बैलगाडीने शहाद्याला येत, बहिणीच्या ओट्यावर बसत आणि पाणी पिण्याआधी एकदा सुस्कारा सोडत. हा सुस्कारा बहिणीसाठी असे. तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं, पंचांसमोर काडी मोडली होती, आणि वय अजून तिशीच्या जरा पुढे होतं.

काडीमोडाची गोष्ट तिने मला काज शिवायला शिकवताना सांगितली. काज करताना बोलायचं नसतं, सुई चुकते, म्हणून मला फक्त ऐकायचं होतं. ते मला जमत होतं.

"लगीनमा बँड व्हता, ताशा व्हता, फटाका व्हतात. मन्हा कान बधीर व्हयी गयात. अन् मोडताना काय? एक काडी! ती बी वल्ली. पंचनी मोडी, त आवाजच नही. नुसती वाकनी."

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय! मी सांगं, काका, हाई काडी ऱ्हावू द्या, वाळेल काडी ल्या. मोडनं त मोडनं, पन माले आयकू त येऊ द्या!"

पंच चिडले. असं कधी कुणी मागितलं नव्हतं. पण कायद्यात बसत नाही असंही कुणाला म्हणता येईना. शेवटी एकाने कुंपणातली वाळलेली तुरकाटी आणली, आणि ती अशी कडाड्याने मोडली की बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. हे सांगताना जमनाबेन इतकी हसली की तिला मशीन थांबवावं लागलं.

नवऱ्याने दुसरी बाई ठेवली होती. ते ती एका वाक्यात सांगायची आणि पुढे जायची. तिला राग होता तो रेडिओचा. त्या घरात रेडिओ बैठकीत असे, पुरुषांसाठी, आणि ती भिंतीपलीकडे चुलीपाशी. भिंत जाड. पलीकडून फक्त धम्मधम्म यायचं. शब्द भिंतीतच अडकायचे. चहा घेऊन ती आत गेली की नवरा रेडिओ बंद करी. तिला ऐकू येऊ नये म्हणून नव्हे, पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून. ती बाहेर गेली की पुन्हा सुरू.

"बारा महिने बारा काळ मी धम्मधम्म आयकं," ती म्हणायची. "आते माले बोल आयकाना शेतस."

पंचांनी नवऱ्याला तिचं सोनं परत द्यायला लावलं होतं. पाटल्या, गोठ, एक पुतळ्यांची माळ. गोविंददादांच्या मनात हे सोनं म्हणजे पुढच्या पाटाची तयारी होती. बाईचं दुसरं लग्न, तर तेवढं अंगावर असलेलं बरं. जमनाबेनच्या मनात हे सोनं म्हणजे स्पीकर होता.

शिवणाच्या पैशांपोटी तिच्याकडे एक जुना रेडिओ आलेला होता. त्याच्या पाठीमागे बाहेरचा स्पीकर जोडायला दोन भोकं होती. त्या भोकांत काय जोडायचं यावर तिने जेवढा विचार केला तेवढा गल्लीत कुणी जावयाबद्दलही केला नसेल. ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याच्या घरी ती एकदा तरी गेली. आमच्याकडेही आली, आमच्या रेडिओसमोर डोळे मिटून बसली, आणि उठताना वडिलांना म्हणाली, "डाक्टरसाहेब, तुमना रेडिओले सर्दी शे." वडिलांनी तो दुरुस्तीला टाकला. खरंच काहीतरी सैल झालेलं निघालं.

मग एक दिवस ती मला म्हणाली, "इंग्लिश, उद्या नंदुरबार चाल. दुकानमा सगळं इंग्रजीमा लिखेल ऱ्हास." ती मला इंग्लिश म्हणायची. मी गेले, कारण नाही म्हणायला आवाज काढावा लागला असता.

एस.टी. स्टँडवर ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर शिवणयंत्र होतं. हाताने फिरवायचं, लाकडी झाकणाचं, धोतरात बांधलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दखशी."

कंडक्टरने यंत्राचं तिकीट मागितलं. तिने यंत्र मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हाई मांडीवरनं लेकरू शे. तुम्ही लेकरूनं तिकीट लेतस का?" सगळी बस हसली आणि कंडक्टर पुढच्या बाकाकडे वळला. वाटेत प्रकाशा गावाशी तापी ओलांडली तेव्हा तिने यंत्रावरूनच पाण्याला हात जोडले.

नंदुरबारला मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर सगळं रान लाल झालेलं, आणि बाजारात माणसं शिंकत शिंकत व्यवहार करत होती. हमीदभाईंचं रेडिओचं दुकान त्या बाजाराच्या टोकाला होतं. हमीदभाई साठीचे, गोरे, बारीक दाढी, नाकाला सदैव रुमाल. त्यांनी आम्हांला आधी एक चकचकीत रेडिओग्राम दाखवला. पॉलिश केलेलं कपाट, पुढे सोनेरी जाळी.

"बेन, ये रख्खो तो बैठक की शान! दाखवायला एक नंबर."

"दखाडानं नही. आयकानं शे," जमनाबेन म्हणाली, आणि तिने काउंटरवर शिवणयंत्र ठेवलं. दोरा ओवला, चिंधी लावली. "आते लावा."

"अरे, ये क्या करते हो?"

"भाऊ, मी काय पाय पसरीसन रेडिओ आयकस का? मी शिवस. मशीननी खडखड व्हस. त्या खडखडमा बी माले बोल समजना पाह्यजेत. लावा."

हमीदभाईंनी रेडिओग्राम लावला. जमनाबेनने दांडा फिरवला. दुकानात असा काही गोंधळ झाला की समोरचे मिरचीचे दलाल दारात येऊन उभे राहिले. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. ती मात्र मान तिरकी करून, एका हाताने चिंधी सरकवत ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हाऊ गोडगोड बोलस, पन आर्धं गिळी जास." रेडिओग्राम बाद. मग लग्नात लावतात तो भोंगा आला. त्याचा आवाज यंत्राच्या खडखडीतूनही ऐकू आला, पण, ती म्हणाली, "हाऊ बोलत नही, भांडस." तोही बाद. दलालांपैकी एकाने पैज लावली की ही बाई काही घेत नाही.

शेवटी हमीदभाई माळ्यावर चढले आणि एक पुठ्ठ्याचं खोकं खाली घेऊन आले. आत नुसता स्पीकर होता, बिनकपाटाचा. ताटाएवढा काळा कागदी शंकू आणि पाठीमागे लोहचुंबकाचा असा गोळा की दोन्ही हातांनी उचलावा. विलायतेचा. मुंबईच्या एका शेठने मागवला होता आणि नेलाच नव्हता. तो त्यांनी एका फळीला टेकवून जोडला.

जमनाबेनने यंत्र सुरू केलं. आणि मग थांबवलं. रेडिओवर एक जुनं गाणं लागलं होतं, मलाही ऐकून माहीत असलेलं. ती ते संपेपर्यंत हलली नाही.

"आरे देवा," ती म्हणाली. "हाई त रडानं गाणं शे!"

"हां, बहोत दर्दभरा," हमीदभाई म्हणाले.

"अन् मी भिंतमांगे बशीसन यावर भाकरी थापू! ताल धरीसन! माले वाटे, कोनी तरी नाची ऱ्हायनं!" तिने तोंडाला पदर लावला, आणि ती हसते आहे की काय ते मला क्षणभर कळेना. हसतच होती. दलालही हसले. ज्याने पैज लावली होती तो हळूच निघून गेला.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. तिने मला पुढे ढकललं. "वाच."

मी वाचलं, "हाय फिडेलिटी."

"म्हंजे?"

हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, स्पीकरवर कधी पाहिला नव्हता. मला जो अर्थ येत होता तो मी सांगितला. "म्हणजे... निष्ठा. मोठी निष्ठा."

"कसानी?"

हमीदभाईंनी नाकावरचा रुमाल काढला आणि माझी सुटका केली. "वफादारी, बेन, वफादारी! जैसा गानेवाला गाए, वैसाच ऐकवतो. आपल्या पदरचं काही घालत नाही, त्याचं काही खात नाही."

जमनाबेनने खोक्याकडे पाहिलं, हमीदभाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वफादारी दुकानमा भेटस? खोकामा?" ती म्हणाली. "अन् मी सगळा खान्देशमा धुंडी ऱ्हायनू! भाऊ, बांधा. हाईच पाह्यजे."

सोनं तिथल्याच सराफाकडे गेलं. परतीच्या बसमध्ये यंत्र माझ्या मांडीवर होतं आणि स्पीकर तिच्या.

घरी आल्यावर गल्लीतल्या सुताराकडून सागवानाचं कपाट झालं. हमीदभाईंनी बजावलं होतं, कपाटात कापूस भरा, नाहीतर आवाज घुमेल. जमनाबेन कपाशीवाल्यांच्या घरातली. कापूस विकत आणणं तिला अपमान वाटला असता. तिने भावाच्या शेतातून आलेला कापूस ठासून भरला. वेचलेला, तसाच, सरकीसकट.

आवाज सुंदर आला. काही दिवसांनी मात्र हळू गाण्यांच्या वेळी पाठीमागून कुणी कुजबुजतंय असं वाटू लागलं. ती स्वतः नंदुरबारला जाऊन हमीदभाईंशी भांडून आली. "तुमनी वफादारी मन्हा पाठमांगे चुगली करस!" बिचारे हमीदभाई पेचकस घेऊन शहाद्याला आले. गल्ली जमली. त्यांनी मागची फळी काढली, आत डोकावले आणि दोन पावलं मागे सरले.

"बेन, यहाँ तो पूरा खानदान बसा है."

सरकी खायला उंदरीण आत शिरली होती आणि लोहचुंबकाच्या आडोशाला तिने पिल्लं घातली होती. कुणी केरसुणी आणली, कुणी मांजर आणायला धावलं. जमनाबेनने सगळ्यांना ओट्यावरून खाली उतरवलं.

"बाळंतीण शे ती. कोनी हात लावू नका."

तिने कापसासकट घरटं सुपात घेतलं आणि मागच्या कडब्याच्या गंजीत नेऊन ठेवलं. मग पिंजाऱ्याला बोलावून पिंजलेला कापूस भरला. हमीदभाईंनी जाण्याआधी पुन्हा रेडिओ लावून पाहिला. कुजबुज गेली होती. त्यांनी मेहनतीचं काही घेतलं नाही. केळ्यांचा एक घड मात्र त्यांना उचलावाच लागला.

सोनं गेल्याचं गोविंददादांना कळलं तेव्हा मी तिथेच गळ्याची पट्टी शिवत होते.

"पाटनं सोनं व्हतं ते!" ते ओरडले. माठ पहिल्यांदाच काठोकाठ भरला होता. "लाकडना डबामा घालं? आते कोन करी तुन्हासंगे?"

"दादा, ज्याले सोनासंगे करानं शे, त्यानी सराफशी करावं."

"तोंड दख तुन्हं! आयक, दिवाळीलोंग तू आठे ऱ्हावशी. मंग एक तर पाट, नही त गाव. हाई खोल्या मी भाड्यानं देसू. वहिनीना हातखाल ऱ्हाय, चुलपान."

चुलपान, म्हणजे चुलीपाशी, हा शब्द त्यांनी सहज म्हटला असावा. जमनाबेनचा दांडा फिरवणारा हात तेवढा थांबला. त्या दिवसानंतर ती स्पीकर लावायची, पण मधूनच उठून कपाटावर हात ठेवून बघायची, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. गावी गेली तर स्पीकर बैठकीत जाणार हे तिला माहीत होतं. मलाही कळलं होतं. मी शिकवणीला येणाऱ्या मुलींना सांगू लागले की लवकर या, जास्त कपडे आणा. खोल्यांचं भाडं तिचं तिला भरता यावं म्हणून एवढंच मला सुचलं.

दिवाळीआधी गोविंददादा स्थळ घेऊन आले. पाहुणा विधुर होता, नदीपलीकडचा, चांगल्या जमिनीचा, आणि खरं सांगायचं तर सभ्य. सोन्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. खुर्चीवर अवघडून बसला, चहाचं कौतुक केलं, मला 'ताई' म्हणाला. स्पीकर चालू होता. जमनाबेन दाराशी उभी होती आणि मला ती जवळजवळ तयार झालेली दिसली. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. हे मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं.

पाहुण्याला गोविंददादांना काहीतरी सांगायचं होतं. केळीबद्दलच असेल. त्याने हात लांब केला आणि रेडिओचं बटण पिळून आवाज कमी केला. मग बोलू लागला.

जमनाबेनने पदराचं टोक सोडलं. आत गेली, पाहुण्यासाठी फराळाचं ताट घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवलं.

"पावना, पोटभर खा. तुम्ही चांगला माणूस शेतस," ती म्हणाली. "पन मन्हं तुमनासंगे जमाव नही."

तो गेल्यावर गोविंददादा ओट्यावर उभे राहून ओरडले. "काय खोट व्हती त्यामा? सांग! दारू पेस? डोया तिरपा शे?"

"काहीच खोट नही."

"मंग?"

"त्यानी आवाज कमी करा."

"अवो, बोलानं व्हतं त्याले!"

"मंग मन्हाशी बोलता. 'बाई, जरा कमी कर' म्हनता. मी करती ना! बटनशी काबर बोलना?"

गोविंददादांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा साक्षीसाठी. मला वाटलं मान डोलवून सुटता येईल. पण मी म्हणाले, "त्यांनी विचारायला हवं होतं." अगदी मोठ्याने नव्हे, पण कपाटाबाहेरून. जमनाबेनने भुवया उंचावल्या.

गोविंददादा मटकन ओट्यावर बसले. गाडी जुंपायला अजून अवकाश होता, म्हणून बसून राहिले. आत संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. कपाशीवरची बोंडअळी, केळीचं खत, मग निरनिराळ्या बाजारांचे भाव. गल्लीतले दोघेतिघे रोजच्यासारखे येऊन ओट्याच्या पायरीवर टेकले. मग आणखी दोघे, बिड्या विझवून. गोविंददादांच्या घरी रेडिओ नव्हता. हे भाव त्यांना नेहमी दोन दिवसांनी, दलालाच्या तोंडून कळत. एका बाजाराचा भाव ऐकून ते ताठ बसले.

"हाऊ आजना भाव शे?"

"आजना," जमनाबेन आतून म्हणाली. "जसा बोलना तसाच. आपला पदरनं काही घालत नही."

पायरीवरल्या एका बाहेरगावच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाटील, हाऊ स्पीकर कोना?"

गोविंददादांनी मान वळवून आत पाहिलं. "मन्ही बहिणना," ते म्हणाले. "विलायतना शे."

दिवाळी आली. भाऊबीज करून जाताना गोविंददादांनी दरडावून सांगितलं की पुढल्या दिवाळीपर्यंतच, त्यापुढे एक दिवस नाही. पुढच्या दिवाळीलाही तेच सांगितलं. बाजाराच्या दिवशी ते आता लवकर येऊ लागले होते, आणि सुस्कारा सोडायचं राहून जात होतं.

तोवर वडिलांची बदली झाली, आणि माझं पुण्याच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं. निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. बाजाराचा दिवस होता. गोविंददादा ओट्यावर होते. दार उघडं होतं आणि आतून गाणं येत होतं, प्रत्येक शब्द वेगळा, ओठांवरून नुकता सुटलेला.

मी आत डोकावले. शिकवणीच्या मुली गेल्या होत्या. यंत्रावर झाकण होतं. जमनाबेन माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसली होती, स्पीकरसमोर, पाय दुसऱ्या खुर्चीवर पसरून. हात मांडीत मोकळे पडले होते. त्यांत काहीच नव्हतं, सुई नाही, चिंधी नाही. टाचा पांढऱ्या, भेगाळलेल्या, आणि एक अंगठा तेवढा हलत होता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. गोविंददादांनी मला हाताने थांबवलं.

"थांब ना जरा," ते म्हणाले, त्या माठाच्या आवाजात जितकं हळू म्हणता येईल तितकं हळू. "ती आयकी ऱ्हायनी."

त्यांनी सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. गाणं अजून पहिल्याच कडव्यात होतं.